दूरच्या दाराचे बटण: दूरस्थ स्वागत कर्मचाऱ्यांच्या हातपेटीची रचना आणि चाचणी

कार्यालय, कारखाना, दवाखाना किंवा गृहसंकुल यांच्या दाराशी आलेल्या माणसाची विचारपूस तेथे प्रत्यक्ष हजर नसलेल्या कर्मचाऱ्याने पडद्यावरून आणि स्पीकरमधून करावी, त्याचे नाव व काम नोंदवून घ्यावे, ज्याला भेटायचे त्याच्याशी फोन जोडून द्यावा आणि शेवटी दारही दुरूनच उघडावे, या पद्धतीला दूरस्थ स्वागत म्हणता येईल. कॅमेरा, इंटरनेट आणि विद्युत कुलूप या तिन्ही गोष्टी आवाक्यात आल्यामुळे ही पद्धत तांत्रिकदृष्ट्या सोपी झाली असली, तरी ती चालवणाऱ्या माणसाच्या हाताखाली नेमके काय असावे, या प्रश्नाचा विचार सहसा सर्वांत शेवटी होतो आणि मग साध्या संगणकावर माऊसने पडद्यावरील चौकोन शोधत बसण्याची वेळ कर्मचाऱ्यावर येते. अशा कामासाठी बोटांना ओळखू येतील अशी मोजकी बटणे, एखादी फिरती कळ आणि दिवे असलेली जी स्वतंत्र पेटी टेबलावर ठेवता येते, तिला या लेखात हातपेटी म्हटले आहे. तिची रचना कशी असावी आणि तिची पारख कशाने करावी, याबद्दल आजवर हाती आलेल्या ज्ञानाचा आढावा येथे घेतला आहे.

हा विचार रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गडबसारख्या गावाच्या संदर्भात करणे अनेक अर्थांनी सोयीचे आहे. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ आणि नागोठणे यांच्या दरम्यान असलेल्या या गावाच्या एका अंगाला धरमतर खाडीच्या खारपट्ट्यातील भातशेती आहे, तर दुसऱ्या अंगाला डोलवीच्या पोलाद कारखान्यामुळे वाढलेली ट्रकांची वर्दळ आहे. दूरस्थ स्वागताची दोन्ही टोके त्यामुळे या एकाच परिसरात दिसतात. एका टोकाला कारखान्याचे फाटक, बिल्टी हातात घेऊन उभा असलेला ड्रायव्हर, गेटपास आणि नोंदवही आहे, आणि दुसऱ्या टोकाला, मुंबईतील नोकरीसाठी रोज इतका प्रवास करणे ज्यांना परवडत नाही अशा शिकलेल्या तरुणी आहेत, ज्यांना घरी किंवा गावातल्या एखाद्या खोलीत बसून दूरच्या दाराची जबाबदारी सांभाळता येईल. हातपेटीची रचना या दुसऱ्या टोकासाठी होते, पण तिच्या चुकीची झळ पहिल्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला बसते, आणि या विषयाचे खरे मर्म तिथेच आहे.

कामाची साधने, जागा आणि वेळ माणसाच्या शरीराला व मनाला जुळवून घेण्याचे जे शास्त्र अर्गोनॉमिक्स या नावाने ओळखले जाते, त्याची सुरुवातच मुळी बटणांपासून झाली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ जातीच्या विमानांचे वैमानिक सुखरूप जमिनीवर उतरल्यानंतर पंखांच्या झडपा मिटवण्याऐवजी चाकेच मिटवून टाकीत आणि विमान पोटावर बसे. अल्फॉन्स चपॅनिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना दोष न देता खटके तपासले, तेव्हा दोन्ही खटके एकमेकांशेजारी आणि हुबेहूब सारखे असल्याचे त्याला आढळले. त्याने चाकांच्या खटक्यावर छोट्या टायरच्या आकाराची आणि झडपांच्या खटक्यावर पाचरीच्या आकाराची मूठ बसवली, आणि ही चूक थांबली. आकारावरून ओळख पटवण्याच्या या पद्धतीला आकारसंकेत म्हणतात. दूरस्थ स्वागतासाठी तिचे महत्त्व असे की, कर्मचाऱ्याची नजर आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असली पाहिजे, आणि ती तिथे राहायची असेल तर बोटांना न बघता ओळख पटली पाहिजे. पडद्यावरच्या गुळगुळीत काचेला आकार नसतो, त्यामुळे तिच्यावर बोट ठेवायचे म्हणजे नजर हलवावीच लागते. हातपेटीच्या बाजूने देता येणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे.

या कामाची खरी पूर्वपीठिका मात्र टेलिफोनच्या बोर्डावर आहे. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्सचेंज सुरू झाले, आणि त्यानंतर कित्येक दशके दूरच्या दोन अनोळखी माणसांना जोडून देण्याचे काम ऑपरेटरच्या हातून, दोरीच्या टोकाची पिन भोकात खोचून होत असे. पुढे दोऱ्यांच्या जागी बटणे आली तेव्हा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने बटणांच्या मांडणीचा जो अभ्यास केला, तो या क्षेत्रातील पहिल्या मोठ्या पद्धतशीर चाचण्यांपैकी एक होता. आर. एल. डाइनिंगर यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात आकड्यांच्या अनेक मांडण्या, बटणांचे आकार, दाब आणि खोली यांची तुलना होती. मांडण्या बदलल्याने वेगात आणि चुकांत फार मोठा फरक पडत नाही, असे दिसल्यावर पसंती आणि तांत्रिक सोय पाहून तीन स्तंभांची, ‘एक’ हा आकडा वरच्या ओळीत असलेली मांडणी निवडली गेली, आणि १९६३ पासून ती लोकांच्या हाती आली. आज गडबमधल्या कोणत्याही मोबाइलवर आकडे त्याच क्रमाने दिसतात, आणि हिशेबाच्या कॅल्क्युलेटरवर मात्र सात-आठ-नऊ वरच्या ओळीत असतात. एकदा रुळलेली मांडणी पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही, म्हणून पहिली मांडणी घाईने ठरवू नये.

टेलिफोन ऑपरेटरांवरच झालेला दुसरा अभ्यास या विषयासाठी त्याहून मोलाचा आहे, आणि हातपेटीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो बारकाईने समजून घ्यावा असे त्याचे स्वरूप आहे. नायनेक्स या अमेरिकी टेलिफोन कंपनीला आपल्या ऑपरेटरांची जुनी यंत्रे काढून नवी बसवायची होती. नव्या यंत्राचा पडदा अधिक चांगला होता, बटणे कमी वेळा दाबावी लागत होती, आणि त्यामुळे प्रत्येक कॉलमागे वेळ वाचेल असे गृहीत धरले होते. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवुड या संशोधकांनी ऑपरेटरच्या कामातील ऐकणे, बोलणे, पाहणे आणि दाबणे या क्रियांची एकमेकींवर पडणारी साखळी कागदावर मांडून भाकीत केले की, नवे यंत्र दर कॉलमागे सुमारे ०.६ सेकंद जास्त घेईल. प्रत्यक्ष कचेरीत काही महिने चाललेल्या चाचणीत जवळजवळ तेवढाच उशीर दिसून आला, कंपनीने नवी यंत्रे घेतली नाहीत, आणि १९९३ मध्ये हे सर्व ‘प्रोजेक्ट अर्नेस्टाइन’ या नावाने प्रसिद्ध झाले. सेकंदाचा हा अंश क्षुल्लक वाटतो, पण कॉलची प्रचंड संख्या पाहता कंपनीच्या हिशेबात तो वर्षाला सुमारे वीस लाख डॉलरांचा तोटा होता.

कमी बटणे दाबूनही जास्त वेळ का लागावा, याचे उत्तर साध्या निरीक्षणात आहे. ग्राहक बोलत असतो तेव्हा ऑपरेटरचा हात मोकळा असतो, म्हणून त्या वेळात दाबलेली बटणे फुकट असतात, त्यांनी कॉल एका क्षणानेही लांबत नाही. नव्या यंत्राने नेमकी तीच बटणे वाचवली आणि एक दाब मात्र अशा जागी आणून ठेवला जिथे दोघेही त्याची वाट पाहत राहत. फाटकावरच्या संवादालाही हे तंतोतंत लागू पडते. ‘डोलवीला माल उतरवायचा आहे, कुणाला भेटू?’ असे ड्रायव्हर सांगत असताना कर्मचाऱ्याने वाहनाचा प्रकार आणि विभाग ही बटणे दाबून ठेवली, तर त्याचे बोलणे संपताच फाटक उघडण्याची एकच कृती उरते. उलट, हातपेटीने प्रत्येक दाबाची पुष्टी मागून तो पूर्ण होईपर्यंत पुढचे बटण बंद ठेवले, तर बटणे निम्मी करूनही ट्रकची रांग वाढेल. बटणे किती वेळा दाबावी लागतात हे मोजून पेटीची किंमत ठरवण्याची जी पद्धत विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत सर्रास दिसते, ती या अभ्यासानंतर टिकत नाही.

हीच गोष्ट शरीराच्या बाजूनेही खरी ठरते. एकच हालचाल पुन्हापुन्हा केल्याने मनगट, बाहू आणि मान यांत होणाऱ्या दुखण्यांची ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात मोठी लाट आली, आणि तिथल्या सरकारी दूरसंचार संस्थेतील आकडे ब्रूस हॉकिंग यांनी १९८७ मध्ये मांडले, तेव्हा एक चकित करणारी गोष्ट पुढे आली. ज्यांची बोटे सर्वांत वेगाने चालत त्या तारायंत्र कर्मचाऱ्यांत तक्रारी फार कमी होत्या, आणि ज्यांना तुलनेने कमी बटणे दाबावी लागत त्या टेलिफोन ऑपरेटरांत त्या कितीतरी पटींनी जास्त होत्या. या लाटेच्या कारणांविषयी पुढे बराच वाद झाला आणि तो पूर्ण मिटला असे म्हणता येत नाही, परंतु एका खुर्चीला जखडलेली बैठक, कामावरची पाळत, अनोळखी माणसांशी सतत नम्रपणे बोलण्याचा ताण आणि स्वतःच्या गतीवर स्वतःचा ताबा नसणे, या गोष्टी बोटांच्या हालचालीइतक्याच महत्त्वाच्या आहेत, याकडे या वादाने सर्वांचे लक्ष वेधले. दूरस्थ स्वागत कर्मचारी हा टेलिफोन ऑपरेटरचाच वारस आहे. त्याच्या हातपेटीवर ‘पाच मिनिटे विसावा’ असे एक ठळक बटण असणे, आणि ते दाबल्यावर काम आपोआप दुसऱ्या सहकाऱ्याकडे जाणे, ही मनगटाखालच्या मऊ गादीइतकीच अर्गोनॉमिक्सची बाब आहे.

मनगटाच्या गादीबद्दल आणि बटणांच्या मापांबद्दल सांगण्यासारखे तुलनेने थोडे आहे, कारण हा भाग पुरेसा स्थिरावला आहे. कळफलकासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार दोन कळांच्या मध्यबिंदूंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असावे आणि कळ दाबायला अर्धा ते पाऊण न्यूटनच्या आसपास बळ पुरावे, असे धरले जाते. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका हात तिथे नेमका पोहोचायला उशीर लागतो, म्हणून वारंवार लागणारे बटण मोठे आणि हात विसावतो त्या जागेजवळ असावे. पोहोच ठरवताना लहान हाताच्या स्त्रीचे माप आणि मोकळी जागा ठरवताना मोठ्या हाताच्या पुरुषाचे माप घ्यावे, हा सर्वमान्य नियम आहे, आणि त्यासाठी परदेशी तक्त्यांवर विसंबण्याचे कारण नाही, कारण देबकुमार चक्रवर्ती यांनी संकलित केलेली भारतीय शरीरमापे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्येच प्रसिद्ध केली आहेत. हाताला काय जुळते हे आकड्यांपेक्षा मातीत लवकर कळते. पेण शहर आणि आसपासच्या गावांतील गणपतीच्या कारखान्यांत शाडूला हवा तो आकार तासाभरात देणारे हात आहेत, आणि पेटीचे पहिले दहा-बारा नमुने महागड्या यंत्रावर छापण्याआधी शाडूत करून ते कर्मचाऱ्यांच्या तळहाताखाली ठेवून पाहणे हा या परिसरात सहज जमणारा आणि शास्त्रालाही मान्य असलेला मार्ग आहे.

खरा कठीण प्रश्न उरतो तो दार उघडण्याच्या बटणाचा. चुकीचा फोन जोडला तर माफी मागता येते, चुकीच्या माणसाला आत सोडले तर ते परत घेता येत नाही. परत न घेता येणाऱ्या क्रियेला कसे वागवावे, याचे दोन उत्तम धडे भारतातच उपलब्ध आहेत. पहिला रेल्वेचा. भारतीय रेल्वेतील स्थानकांच्या परंपरागत नियंत्रण फलकावर गाडीसाठी मार्ग लावताना सिग्नलचे आणि मार्गाचे अशी दोन वेगळी बटणे एकाच वेळी दाबावी लागतात. त्यामुळे बाही लागून किंवा पेंगताना हात पडून मार्ग लागत नाही. शिवाय आणीबाणीत मार्ग रद्द करणाऱ्या बटणाला आकड्यांचा मोजक जोडलेला असतो, प्रत्येक वापराने तो एकाने वाढतो आणि त्याची नोंद वहीत करावी लागते. बटण दाबायला बंदी नाही, पण ते दाबले गेले हे लपत नाही.

दुसरा धडा मतदान यंत्राचा आहे, आणि तो मुंबईतच घडला. १९६९ साली पवईच्या आयआयटीमध्ये स्थापन झालेल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या बाह्य रचनेत महत्त्वाचा वाटा उचलला. दुरून चालवायच्या साधनाच्या दृष्टीने या यंत्राकडे क्वचितच पाहिले जाते, परंतु ते नेमके तसेच आहे. मतदान अधिकाऱ्याजवळचे नियंत्रण यंत्र आणि आडोशामागचे मतपत्रिका यंत्र यांना पाच मीटर लांबीची तार जोडते, आणि अधिकाऱ्याला पलीकडचे काही दिसत नसताना एका मतदाराला एकच मत देता येईल अशी वाट उघडून द्यायची असते. तो ‘बॅलट’ हे मोठे बटण दाबतो, त्याच्यासमोर तांबडा दिवा लागतो, पलीकडे मतदारासमोर हिरवा दिवा लागतो, आणि मतदाराने आपल्या पसंतीचे निळे बटण दाबून मत नोंदले गेल्यावरच लांब आवाज होऊन अधिकाऱ्यासमोरचा तांबडा दिवा विझतो. दिवा विझेपर्यंत ‘बॅलट’ पुन्हा दाबून उपयोग होत नाही. दिवसभर लागणारे हे बटण उघड्यावर, मतदान बंद करणारे बटण टोपीखाली, आणि निकाल दाखवणारी व नोंदी पुसणारी बटणे आतल्या सीलबंद झाकणाखाली, अशी त्याची मांडणी आहे. ज्या क्रियेचा परिणाम जितका मोठा, तितके बटण हातापासून दूर आणि आड, हे तत्त्व एका पेटीत इतक्या स्वच्छपणे क्वचितच उतरलेले दिसते.

या यंत्रातून घेण्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिव्याची आहे. दिवा लागतो तो बटण दाबल्याची पोच म्हणून, आणि विझतो तो पलीकडचे काम झाल्याची पोच म्हणून. दूरस्थ स्वागतात या दोन पोचांची गल्लत झाली की गोंधळ होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर संभाषण स्वाभाविक राहते आणि ४०० च्या पुढे ते अवघड होते. खेड्यातल्या जोडणीवर ही मर्यादा केव्हा ओलांडली जाईल हे सांगता येत नाही, म्हणून बटणाने बोटाला खट्ट असा प्रतिसाद जागीच, सेकंदाच्या दहाव्या भागात दिला पाहिजे आणि ‘दार खरोखर उघडले’ हे मात्र कुलपाकडून खबर आल्यावरच वेगळ्या दिव्याने दाखवले पाहिजे. तसे न केल्यास कर्मचारी ‘आत या’ म्हणते, दार बंदच असते, पाहुणा ढकलत राहतो, ती पुन्हा बटण दाबते, आणि तो दुसरा दाब पोहोचेपर्यंत पहिला माणूस आत जाऊन त्याच्या मागचा अनोळखी माणूस उघड्या दाराशी उभा असतो.

पाहुण्याचे नाव नोंदवण्याचा भाग भाषेशी निगडित आहे. मराठी टंकलेखनासाठी शासनमान्य इन्स्क्रिप्ट मांडणी १९८० च्या दशकापासून उपलब्ध आहे, पण ती बोटांत बसायला सराव लागतो आणि तो सराव असलेली माणसे आजही थोडी आहेत. वर्णमालेचा चौकटीतला क्रम ज्याला शाळेपासून पाठ आहे त्याला त्याच क्रमाने कळा द्याव्यात, या विचाराने आयआयटी मुंबईच्या अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी ‘कीलेख’ नावाचा भौतिक कळफलक तयार करून २००४ मध्ये त्याचे वृत्त प्रसिद्ध केले. टंकलेखन न येणाऱ्या वापरकर्त्यांकडून चाचण्या घेत त्यांनी तो टप्प्याटप्प्याने सुधारला होता, आणि त्याच दिशेचा विचार पुढे मोबाइलवरच्या ‘स्वरचक्र’ या साधनात दिसतो. हातपेटीसाठी यातून निघणारा निष्कर्ष असा की, बोलता बोलता संपूर्ण नाव टंकित करायला लावू नये. ‘ड्रायव्हर’, ‘मुलाखत’, ‘कुरिअर’, ‘रुग्णाचे नातेवाईक’ असे नेहमीचे प्रकार स्वतंत्र बटणांवर द्यावेत, नाव आवाजातच नोंदवून ठेवावे आणि लेखी नोंद नंतरच्या मोकळ्या क्षणासाठी राखावी. बटणांवरचे शब्दही फाटकावर खरोखर बोलले जाणारे असावेत. ‘अभ्यागत’ हा शब्द परिपत्रकात शोभतो, पण आगरी बोलणाऱ्या घरातली मुलगी ‘पाहुणे’ किंवा ‘गाडीवाले’ हे बटण दोन क्षण आधी ओळखेल.

जागेचा प्रश्न प्रयोगशाळेच्या पुस्तकांत जवळजवळ नसतोच. परदेशी मार्गदर्शिका उंची बदलता येणारे टेबल आणि फिरती खुर्ची गृहीत धरतात, तर गडबमधील घरात काम जेवणाच्या टेबलावर, प्लास्टिकच्या खुर्चीवर, किंवा भिंतीला टेकून जमिनीवर बसून मांडीवरच्या फळीवर होण्याची शक्यता अधिक. पेटी या तिन्ही बैठकांत वापरता आली पाहिजे, म्हणून ती हलकी, खालून न घसरणारी आणि उतार बदलता येणारी असावी, आणि डाव्या-उजव्या कोणत्याही हाताने चालावी. एका हाताने पूर्ण काम होणे ही अपंग कर्मचाऱ्यांसाठी तर अटच आहे, कारण चालता न येणाऱ्या माणसाला घरबसल्या मिळू शकणाऱ्या मोजक्या प्रतिष्ठेच्या नोकऱ्यांपैकी ही एक ठरू शकते. मतदान यंत्रावर ब्रेलमधील आकडे देता आले, तर हातपेटीवर देण्यात काहीच अडचण नाही.

हवामानाचाही विचार हवा. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खाडीकाठची हवा खारी असते. उघड्या तांब्याच्या संपर्कपट्ट्यांवर अशा हवेत गंज चढून बटण कधी लागते, कधी लागत नाही, आणि स्वागत कर्मचाऱ्याच्या दृष्टीने पूर्ण बंद पडलेल्या बटणापेक्षा हे वाईट, कारण विश्वास उडालेला हात प्रत्येक बटण दोनदा दाबू लागतो. सोन्याचा मुलामा दिलेले संपर्क किंवा चुंबकाने चालणारी, धातूला धातू न लागणारी बटणे यावर उपाय आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पेटीची स्वतःची बॅटरी असणे आणि जोडणी तुटताच दार कोणत्या स्थितीत राहील हे आधीच ठरलेले असणे, ही चैन नाही. आग लागल्यास आतली माणसे बाहेर पडू शकतील, मात्र बाहेरून आत येणे थांबेल, अशी ती स्थिती असावी.

आता चाचणीकडे वळायचे. आंतरराष्ट्रीय मानक ९२४१ च्या अकराव्या भागात वापरसुलभतेची व्याख्या परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान या तीन अंगांनी केली आहे, आणि त्याच मालिकेत बोटांनी चालवायच्या साधनांच्या मूल्यमापनासाठी स्वतंत्र भाग आहे. समाधान मोजण्यासाठी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली आणि मानसिक भार मोजण्यासाठी नासामध्ये सँड्रा हार्ट व लोवेल स्टेव्हलँड यांनी विकसित केलेली, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली सहा मापांची पट्टी जगभर वापरतात. या साधनांना नाकारण्याचे कारण नाही, पण येथे त्यांच्यावर विसंबण्यात एक मोठा धोका आहे. निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी बंगळुरूत केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, समोरच्या संशोधकाने स्वतः बनवले आहे असे वाटणाऱ्या साधनाला लोकांनी अडीच पट पसंती दिली, आणि संशोधक परदेशी असून सोबत दुभाषा असेल तर हे प्रमाण पाचपट झाले. साधने प्रत्यक्षात सारखीच होती. घरी आलेल्या माणसाने बनवून आणलेली वस्तू वाईट आहे असे तोंडावर म्हणायचे नाही, हा कोकणातल्या घराचा संस्कार आहे, आणि ‘छान आहे हो, काही अडचण नाही’ या उत्तराला गुण देऊन तक्ता भरला तर तो तक्ता त्या संस्काराचा होईल, पेटीचा होणार नाही.

म्हणून मोजायचे ते कृतीतून मोजावे, आणि ते पलीकडच्या दारापासून मोजायला सुरुवात करावी. पाहुण्याने घंटी वाजवल्यापासून त्याला पहिला मानवी आवाज ऐकू येईपर्यंत किती वेळ गेला, बोलताना कर्मचाऱ्याची नजर किती वेळा खाली गेली, दार किती वेळा चुकून उघडले आणि किती वेळा उगाच दोनदा दाबले गेले, याच्या नोंदी पेटी व कॅमेरा मिळून आपोआप ठेवू शकतात. दोन रचनांची तुलना करताना निम्म्या कर्मचाऱ्यांनी आधी पहिली व मग दुसरी, आणि उरलेल्या निम्म्यांनी उलट क्रमाने वापरावी, म्हणजे सरावाचा फायदा एकाच रचनेच्या पदरात पडणार नाही. शरीराच्या तक्रारींसाठी माणसाच्या आकृतीवर दुखणारी जागा दाखवायला सांगण्याची कॉर्लेट आणि बिशप यांची १९७६ पासूनची पद्धत अक्षरओळख नसलेल्यालाही जमते आणि तिच्यात शिष्टाचाराची भीड कमी आड येते. असे मोजमाप पाळीच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी घ्यावे, आणि ते एका दिवसावर थांबू नये, कारण पहिल्या आठवड्यात नवलाईने झाकलेले दुखणे तिसऱ्या आठवड्यात वर येते. पाच वापरकर्त्यांत बहुतेक दोष सापडतात, हा जेकब नीलसन यांच्यामुळे रूढ झालेला ठोकताळा मांडणीतले ढोबळ दोष काढण्यापुरता ठीक आहे. चुकून दार उघडण्यासारखी दुर्मीळ चूक पाच जणांच्या अर्ध्या तासात दिसत नाही.

या नोंदी कर्मचाऱ्यावर पाळत ठेवण्यासाठी वापरल्या गेल्या तर सगळी मेहनत वाया जाईल, म्हणून तसे होणार नाही हे चाचणी सुरू होण्याआधी लेखी ठरले पाहिजे. कोणत्या कर्मचाऱ्याने विसाव्याचे बटण किती वेळा दाबले ही माहिती पर्यवेक्षकाच्या पडद्यावर दिसू लागली की ते बटण कुणी दाबणार नाही, आणि ऑस्ट्रेलियातील ऑपरेटरांच्या वाट्याला आलेले दुखणे त्याच वाटेने इथेही येईल. पाहुण्यांचे चेहरे आणि आवाज ही तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेतील माहिती आहे, तेव्हा घरातून काम करणाऱ्या मुलीच्या पाठीमागून कुणीही तो पडदा पाहू शकणार नाही अशी बसण्याची जागा देणे ही मालकाची जबाबदारी ठरते, तिची नाही.

उपलब्ध ज्ञानावरून एवढे निश्चित म्हणता येते की, दूरस्थ स्वागतासाठी स्वतंत्र हातपेटी असणे योग्य आहे. तिच्यावरची बटणे आकाराने वेगळी, संख्येने मोजकी आणि बोलण्याच्या ओघात दाबता येतील अशी हवीत, दार उघडण्यासाठी दोन बोटांची एकत्र कृती हवी, आणि ‘दाबले’ व ‘उघडले’ यांचे दिवे वेगळे हवेत. यांपैकी एकही गोष्ट महाग किंवा नवीन नाही. अशी पेटी बनवू पाहणाऱ्यांनी तिची पहिली चाचणी वातानुकूलित प्रयोगशाळेत न घेता जुलै महिन्यात, भरपावसात, खाडीकाठच्या एखाद्या घरातील जेवणाच्या टेबलावर, आठ तासांच्या पूर्ण पाळीत घ्यावी, आणि त्या दिवसाचा अहवाल लिहिताना पहिली सही पेटी चालवणाऱ्या मुलीची घ्यावी.